दुधाचे दात पडणारच, म्हणून?

"दुधाचेच दात ते, पडणारच आहेत." लहान मुलाच्या दातांवर काळे डाग दिसले की घरातले कोणी ना कोणी हे वाक्य बोलतेच. माझ्या मते मुलांच्या दातांचे जेवढे नुकसान साखरेने केले, तेवढेच या वाक्याने केले आहे.

दुधाचे दात एकूण 20. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, पण मागच्या दाढा पडायला वयाची दहा-बारा वर्षे उलटतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला किडलेली दाढ आणखी सात-आठ वर्षे वापरायची असते. शिवाय या दाढा कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागचे दात वेडेवाकडे येण्याची भीती असते. दाढ दुखणारे मूल धड जेवत नाही, धड झोपत नाही आणि काय होतेय हे त्याला नीट सांगताही येत नाही.

तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. दुधाच्या दातांचे कवच तर पातळच असते. लाळ हे आम्ल निवळते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. ईदला जेवणासोबत वाटीभर शीरखुर्मा खाणाऱ्या मुलापेक्षा रोज दिवसभर बिस्किटाचा पुडा घेऊन फिरणाऱ्या मुलाचे दात जास्त धोक्यात असतात. सर्वांत वाईट म्हणजे गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे. झोपेत लाळ कमी होते आणि साखर दातांवर तशीच राहते.

गोडाची आवड उपजत असते हे खरे, पण बाटलीत साखर मूल घालत नाही, आपण घालतो. कंपन्याही घालतात. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास 3 ग्रॅम वाढीव साखर असल्याचे 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने 2024 मध्ये उघड केले. दोन वर्षांखालील बाळांना साखर घातलेली पेये देऊच नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यात एकट्या आईला बोल लावून चालणार नाही. साखर दादीही देते, मामूही देतात आणि चॉकलेट घेऊन येणारा पाहुणाही देतो. पैगंबरांनी (स.) मिस्वाकचा केवढा आग्रह धरला, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. मग पहिला दात आल्यापासून तो रोज दोनदा साफ करायला, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावायला आणि त्यानंतर रात्री पाण्याशिवाय काही न द्यायला काय अडचण आहे? खाऊ म्हणून केळे द्या, पेरू द्या, कळत्या मुलाला भाजलेले चणे द्या.

आणि आज बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत पांढुरकी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. दुखण्याची वाट न पाहता दाताच्या डॉक्टरांना दाखवा.