शहर पसरते, पण देणे कोण फेडते? चिंचपोकळीतून दिसणारा उपनगरांचा हिशेब

१/ चिंचपोकळी हे मध्य रेल्वेवरील भायखळा आणि करी रोड यांच्यामधले छोटे स्थानक. मुंबई उत्तरेकडे पसरत गेली ती याच रुळांच्या आधाराने. त्या विस्ताराचा गौरव पुष्कळ झाला. त्याचा खर्च कोणी आणि केव्हा सोसला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

२/ आरंभ १८९६ च्या प्लेगपासून. दाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या भांडवलाची रचना अशी: सरकारच्या व महापालिकेच्या मोकळ्या जमिनी, महापालिकेची वार्षिक वर्गणी आणि कर्जरोखे. म्हणजे नव्या शहराचे तारण जुने शहरच होते.

३/ दादर-माटुंग्याची जमीन विसाव्या शतकाच्या आरंभी संपादित होऊ लागली. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी खऱ्या अर्थाने भरल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. रस्ते आधी, घरे नंतर आणि त्यांचा कर त्याहून नंतर. कर्जाचे व्याज मात्र कोणासाठी थांबत नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि मालमत्तेबरोबर जबाबदाऱ्याही महापालिकेकडे आल्या.

४/ दुसरा प्रयोग गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे ‘बीडीडी’, निघाले. खर्चासाठी कर्ज काढले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. योजना होती ५०,००० खोल्यांची. उभ्या राहिल्या २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्या.

५/ त्यांपैकी डिलाईल रोडच्या चाळी चिंचपोकळीच्या शेजारच्या. वरळीच्या अनेक खोल्या मात्र प्रारंभीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला त्या गिरणीपासून दूर आणि भाड्याने जड वाटत. घर स्वस्त की महाग, हे केवळ बांधकामावर ठरत नाही. कामापासूनचे अंतरही त्या हिशेबात येते. शंभर वर्षांपूर्वीच्या या धड्याची आजही गरज आहे.

६/ तिसरा टप्पा सर्वांत मोठा. १९५० मध्ये महापालिकेची हद्द बेटाबाहेर गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. त्याच काळात वैतरणेवरचे मोडकसागर धरण उभे राहिले. धरण एकदाच बांधले जाते. पण जलवाहिनी, मलनिस्सारण, दिवाबत्ती आणि डांबर यांचा खर्च दरवर्षी उभा असतो.

७/ येथे मूळ गणित लक्षात घ्यावे. चाळीत एकाच नळावर आणि एकाच गटारावर कितीतरी कुटुंबांचा संसार चाले. पसरलेल्या वस्तीत तेवढ्याच कुटुंबांसाठी नळ, गटार आणि रस्ता यांची लांबी वाढते. मुंबईची उपनगरे अमेरिकेतल्यासारखी विरळ नाहीत, हे खरे. तरीही प्रत्येक नव्या टोकापर्यंत सेवा पोहोचवावीच लागते.

८/ दरम्यान जुन्या शहराचे उत्पन्न गोठले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास स्थिर झाली. मालमत्ता कर भाड्यावरून ठरत असल्याने तोही अडला. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण इमारतीची दुरुस्ती थांबली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तेव्हापासून लालबाग-चिंचपोकळीच्या बोलण्यात रुळला. शहर बाहेर वाढत होते आणि आतली घरे टेकूंवर उभी होती.

९/ यावर आक्षेप रास्त आहे: बेट अरुंद, लोक लाखोंनी येणारे; विस्तारावाचून पर्याय कोणता? पर्याय नव्हता, हे मान्य. पण विस्तार अटळ असला, म्हणजे तो फुकट होतो असे नाही. आणि एक संधी बेटावरच चालून आली होती.

१०/ १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सुमारे ६०० एकर जमीन, आणि तिच्या आसपास पाणी, गटारे, रस्ते, रेल्वे सारे तयार. १९९१ च्या नियमात मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक असे तीन वाटे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या भूखंडापुरती उरली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. सार्वजनिक वाटा आक्रसला.

११/ परिणाम आज दिसतो. गिरणी कामगारांना पनवेलजवळच्या कोनमध्ये घरे दाखवली गेली. पुढे कर्जत मार्गावरच्या शेलू-वांगणीचा प्रस्ताव आला, ज्याला कामगारांनी विरोध केला. चिंचपोकळीहून ते अंतर सत्तर किलोमीटरहून अधिक. कागदावर घर स्वस्त पडते. रोजचे चार-पाच तास, रेल्वेवरचा भार आणि तिथल्या पाण्या-रस्त्यांचा खर्च त्या कागदावर नसतो. वरळीच्या रिकाम्या खोल्यांनी जे सांगितले, तेच हे कामगार सांगत आहेत.

१२/ म्हणून कोणत्याही नव्या वसाहतीची घोषणा होताना बांधकामाच्या आकड्याशेजारी पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा आकडाही मांडला गेला पाहिजे. आणि जिथे नळ, गटार व स्थानक आधीच आहे, त्या जमिनीवर पहिला हक्क सार्वजनिक घरांचा हवा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी महापालिकेचा अर्थसंकल्प जरूर उघडावा: विस्तार बहुधा ‘भांडवली खर्चा’त दिसतो, आणि त्याचे न संपणारे देणे ‘महसुली खर्चा’त.