विश्लेषण : अमेरिकेत स्पीच थेरपीची पदवी ‘व्यावसायिक’ का नाही? नाटक आणि वाचादोष एकाच विभागात कसे आले?

अमेरिकेतील अनेक छोट्या महाविद्यालयांत आजही एकच विभाग तीन विषय शिकवतो : संवादशास्त्र, नाट्यकला आणि वाचादोष. पहिल्या दोन विषयांचे विद्यार्थी घटत असताना तिसरा विषय ‘सुरक्षित’ मानला जात होता, कारण त्यात परवाना आहे आणि नोकरीही. मात्र २०२५ मधील एका कायद्याने या सुरक्षित समजल्या जाणाऱ्या विषयासमोरही प्रश्न उभा केला आहे.

हे तीन विषय एकत्र कसे आले?

या तिन्ही विषयांचे मूळ ‘वक्तृत्व’ या जुन्या विषयात आहे. स्पष्ट उच्चार, श्वासावर ताबा आणि आवाजाची फेक हे वक्त्याला हवे, नटालाही हवे. बोलताना अडखळणारी व्यक्तीही त्याच शिक्षकाकडे जायची. ‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) या चित्रपटात ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांच्यावर उपचार करणारे लायोनेल लोग आठवतात का? ते डॉक्टर नव्हते. ऑस्ट्रेलियात वक्तृत्व आणि अभिनय शिकवणारे ते शिक्षक होते.

अमेरिकेत १९१४ मध्ये वक्तृत्वाचे १७ प्राध्यापक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. त्यातूनच विद्यापीठांत ‘स्पीच’ विभाग उभे राहिले. पुढे घर वाढले तशा वाटण्या झाल्या. १९२५ मध्ये वाचादोषांवर काम करणाऱ्यांनी वेगळी संस्था स्थापन केली. तीच आजची अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे ‘आशा’. तिची सदस्यसंख्या आता दोन लाखांहून अधिक आहे. १९३६ मध्ये नाट्यशिक्षकही वेगळे झाले. मोठ्या विद्यापीठांत तिघांचे स्वतंत्र विभाग झाले. छोट्या महाविद्यालयांत मात्र एकत्र कुटुंब टिकले.

आता या विभागांवर ताण का आहे?

पहिले कारण विद्यार्थीसंख्या. इंडियाना राज्याने २०२५ मध्ये सरकारी विद्यापीठांसाठी किमान पदवीधरांची अट घातली. पदवी अभ्यासक्रमातून तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला किमान १५ विद्यार्थी उत्तीर्ण व्हायला हवेत. नाही तर तो चालू ठेवण्यासाठी राज्याची खास मंजुरी लागते. त्यानंतर तेथील विद्यापीठांनी ४००हून अधिक अभ्यासक्रम बंद, स्थगित किंवा विलीन करण्याची घोषणा केली. अशा मोजपट्टीत नाटकासारखे विषय पटकन अडकतात, कारण अभिनयाचा वर्ग मुळातच लहान असतो.

दुसरे कारण शैक्षणिक कर्जाचे, आणि त्याचा फटका थेट वाचा-उपचाराच्या शिक्षणाला बसतो.

कर्जाचा नवा नियम काय आहे?

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्यावर स्वाक्षरी केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज देणारी ‘ग्रॅड प्लस’ योजना या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होते. त्याऐवजी दोन मर्यादा आल्या. सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर. ‘व्यावसायिक’ पदवीसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर.

मग व्यावसायिक पदवी कोणती? शिक्षण खात्याच्या समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केलेल्या मसुद्यात वैद्यक, दंतवैद्यक, विधी, औषधनिर्माण, पशुवैद्यक यांच्याबरोबर धर्मशास्त्र आणि कायरोप्रॅक्टिकही आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी मात्र नाहीत.

याचा परिणाम कोणावर?

अमेरिकेत केवळ पदवीवर स्पीच थेरपिस्ट म्हणून पूर्ण परवाना मिळत नाही. साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते. ‘आशा’च्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचे प्रात्यक्षिक, परीक्षा आणि त्यानंतर किमान ३६ आठवड्यांची देखरेखीखालील उमेदवारी करावी लागते. म्हणजे अट व्यावसायिकाची आणि कर्ज सामान्य विद्यार्थ्याचे. दोन वर्षांत जास्तीत जास्त ४१,००० डॉलर सरकारी कर्ज मिळेल. अनेक खासगी विद्यापीठांत नुसती फीच याहून अधिक आहे. उरलेली रक्कम खासगी बँकेकडून घ्यायची, तर व्याज आणि जामीनदार आलाच. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी तिथेच थांबेल.

त्याची झळ पुढे शाळांना बसू शकते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या मुलांना सरकारी शाळेत मोफत विशेष शिक्षण मिळते. २०२२-२३ मध्ये अशी सुमारे ७५ लाख मुले होती आणि त्यांतील साधारण १९ टक्के मुलांच्या नोंदीत मुख्य अडचण वाचा किंवा भाषेची होती. ग्रामीण शाळांना थेरपिस्ट मिळणे आधीच अवघड आहे.

सरकारचे म्हणणे काय?

खात्याच्या मते ही व्याख्या फक्त कर्जापुरती आहे. एखाद्या पेशाची किंमत ठरवण्याचा तिचा हेतू नाही. अमर्याद कर्ज मिळते म्हणून विद्यापीठे फी वाढवत राहतात आणि मर्यादा घातली की फी उतरेल, असा त्यामागचा तर्क आहे. तो अगदीच पोकळ नाही. पदव्युत्तर शिक्षणाचे कर्ज अनेकांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहते. पण फी उतरायला वेळ लागेल आणि मर्यादा लगेच लागू होईल. मधल्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी काय करायचे, याचे उत्तर या तर्कात नाही.

भारतात काय स्थिती?

भारतात हा विषय वक्तृत्वाच्या वर्गातून नव्हे, तर रुग्णालय आणि पुनर्वसनाच्या वाटेने आला. १९६० च्या दशकात मैसूरूची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था सुरू झाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. नाट्यशिक्षण पुण्यातील ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी वेगळेच राहिले. आपल्याकडे ‘बीएएसएलपी’ ही चार वर्षांची पदवी (त्यात एक वर्ष इंटर्नशिप) आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी यांवर काम सुरू करता येते. शिक्षणाचा खर्च त्यामुळे एका टप्प्याने कमी होतो.

महाराष्ट्रातून शिकायला अमेरिकेत जाणाऱ्यांना तेथील सरकारी कर्ज सहसा मिळतच नाही. त्यामुळे त्यांच्यावर थेट परिणाम नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना मात्र हा हिशेब करावा लागेल.

पुढे काय?

छोट्या महाविद्यालयांत वाचा-उपचाराच्या वर्गामुळे नाटक आणि संवादशास्त्रालाही आधार मिळतो, कारण प्राध्यापक, जागा आणि निधी एकाच विभागाचे असतात. पुढे पदव्युत्तर शिक्षण परवडणार नसेल तर विद्यार्थी पदवीलाही या विषयाकडे वळणार नाहीत. त्यामुळे २०२६ नंतर प्रवेशाचे आकडे पाहताना एवढ्या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल : विद्यापीठे फी खरोखर कमी करतात का, आणि अडखळत बोलणाऱ्या मुलाला शाळेत थेरपिस्टसाठी किती महिने थांबावे लागते.