वनांतील उमेदवारी

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वनविद्येच्या पदवीच्या अंतिम वर्षांत शिकते. शिक्षणक्रमाचा भाग म्हणून तिला कांहीं आठवडे मेळघाटच्या अरण्यांत राहून काम शिकावें लागलें. अशा विद्यार्थ्यास हल्लीं ‘इंटर्न’ म्हणतात. आमच्या तोंडीं जुना ‘उमेदवार’ हाच शब्द बसलेला आहे. ती निघाली तेव्हां घरांत वाद माजला. मुलीच्या जातीनें वाघाच्या रानांत कां राहावें, असा मातुःश्रींचा प्रश्न; परीक्षा होतांच बँकेंत जागा मिळत असतां हा वनवास कशाला, असा भावजयीचा. निर्णय आमच्याकडे आला, आणि आम्हीं वडीलपणाच्या शहाणपणानें ठरविलें कीं, एवढी उमेदवारी पुरी होऊं द्यावी व पुढें हा नाद सोडावयास लावावा. पाडव्यास ती परत आली. तिनें आपली रोजनिशी आमच्या हातीं दिली आणि म्हणाली, “काका, एक आठवडा तरी वाचा, मग काय तें ठरवा.” त्या आठवड्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मेळघाट अमरावती जिल्ह्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत आहे. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत त्याची गणना होती. त्यामुळें रोजनिशींत वाघ पानोपानीं भेटेल असें आम्हांस वाटलें होतें. आठवडाभरांत तो एकदांच भेटला, तोही पाणवठ्याकांठच्या चिखलांतील ठशाच्या रूपानें. बाकी बहुतेक वेळ मोजण्यांत गेला.

सोमवारीं पहांटे वनरक्षक, एक वृद्ध कोरकू वनमजूर आणि आमची उमेदवार असे तिघे दोरी, फीत व वही घेऊन निघाले. काम होतें अरण्याच्या बाहेरच्या पट्ट्यांत, गांवांच्या लगत. ठरल्या जागीं एक चौरस आंखावयाचा. त्याची बाजू ३१.६२ मीटर. हा चमत्कारिक आंकडा कोठून आला म्हणून आम्हीं कागद घेऊन बसलों, तों उलगडा झाला. तें एक हजाराचें वर्गमूळ आहे. चौरसाचें क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटर, म्हणजे एक दशांश हेक्टर. त्यांतील प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीस, मोजावयाचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूनें मोजावें. खोड त्या उंचीच्या खालींच दुभंगलें असेल तर दोन झाडें धरावीं. शेवटीं लहान चौकटी आंखून, गुडघे टेकून, झुडपें, गवत व कोंवळीं रोपें मोजावीं.

ही मोजणी आजची नव्हे. १८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताच्या सागाच्या रानांवर डीट्रिख ब्रँडिस नांवाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेमला गेला. तो रानांतून जातां जातां काठ्यांवर चाकूनें खांचा पाडून झाडांची गणती करी. पुढें १८६४ सालीं तोच हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. रानांत काय आहे हें ठाऊक असल्याखेरीज त्यांतून काय घ्यावें हें ठरवितां येत नाहीं, एवढें तत्त्व त्या खांचांत होतें. तेंच आज वहींत आहे.

येथें आमची एक फजिती सांगितली पाहिजे. अमरकोशाचा वनौषधिवर्ग आम्हीं अनेक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. अर्जुन, किंशुक, मधूक हीं नांवें आमच्या जिभेवर आहेत. परंतु रानांत उभें केल्यास पळसाखेरीज एकही झाड आम्हांस खात्रीनें ओळखतां येणार नाहीं. त्या वनमजुरास अक्षरओळख नाहीं; तो सागाचीं पानें गळून गेलेल्या फाल्गुनांत नुसत्या सालीवरून झाड सांगतो. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, धावड्याची गुळगुळीत व फिकट. रोजनिशींत हे पाठ नांवनिशीवार लिहिलेले आहेत. दोघांपैकीं गुरु कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

मंगळवारीं सायंकाळीं एक चौरस राहिला. तो नाल्यापलीकडे उभ्या चढणीवर होता. पाणी संपत आलेलें. वनरक्षक पुढें पाणवठा पाहण्यास गेलेला. शेजारच्या चौरसाचे आंकडे थोडेसे फिरवून लिहिले असते तर कोणास कळणार होतें? आमच्या पुतणीनें प्रांजळपणें लिहिलें आहे कीं, तिनें अर्धें पान तसें भरलेंही. कोंवळीं रोपें ६, असें लिहूनही टाकलें. तिची लेखणी चाललेली पाहून वनमजूर इतकेंच म्हणाला, “बाई, अजून तिकडे गेलोंच नाहीं ना?” तिनें तें पान फाडलें नाहीं, त्यावर आडवी रेघ मारली. बुधवारीं उजाडतां तिघेही चढण चढले. त्या चौरसाच्या लहान चौकटींत सागाचीं व ऐनाचीं मिळून २३ रोपें निघालीं.

गुरुवार रोपवाटिकेंत गेला. सागाचें फळ इतकें कठीण असतें कीं, आळीपाळीनें भिजविणें व उन्हांत वाळविणें असें अनेक दिवस केल्याखेरीज त्यास नीटसा अंकुर फुटत नाहीं. वाचून आम्हांस आमचे कांहीं विद्यार्थी आठवले.

शुक्रवारीं दुपारीं वणवा लागला. २००४ सालापासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनीं टिपलेल्या आगींची सूचना राज्यांच्या वनखात्यांस देते. येथें मात्र धूर आधीं वनमजुराच्या नाकास कळला. पाला झाडून मोकळा पट्टा करणें, हिरव्या फांद्यांनीं ज्वाळा झोडपणें, हें रात्रीपर्यंत चाललें. आग कोणी वैरानें लावली नव्हती. मोहाचीं फुलें पहांटे गळतात. पाचोळ्यांत तीं दिसावीं म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो आणि ठिणगी वाऱ्यावर जाते. आमची पुतणी संतापली होती. वनमजूर म्हणाला, “आमच्या घरींही मोह वेंचतात, बाई. पाला झाडून काढला तरी फूल दिसतें; पण झाडायला वेळ लागतो.” मोह हें त्या घरांचें अन्न आहे व हातांत येणारा रोख पैसाही आहे. दोष देणें सोपें, हें तिनें त्या रात्रीं लिहिलें आहे.

शनिवारीं ते पुन्हां त्या चढणीवर गेले. मोठीं झाडें बुंध्याशीं काळवंडून उभीं होतीं. जमिनीवर राख होती. चौकटींत रोपें शून्य. कांहीं मुळांतून पुन्हां फुटतील, कांहीं फुटणार नाहींत. तें पावसाळ्यांत कळेल. खाली तिनें एक वाक्य लिहिलें आहे: ‘रेघ मारली नसती तर २३ रोपें गेलीं हें जगांत कोणासही कळलें नसतें, ६ गेलीं असें मींच सांगितलें असतें.’

रविवारच्या पानावर कपडे धुतल्याखेरीज कांहीं नाहीं. परंतु आमचें वाचन शनिवारीं येऊनच थांबलें होतें. शाळेंत असतां एकदां रात्रीं उशिरां, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतील शेवटच्या कांहीं पत्रिकांस आम्हीं अक्षर पाहून गुण दिले होते. कोणी विचारलें नाहीं, कोणास कळलें नाहीं. आमच्याजवळ तो वनमजूर नव्हता, आणि रेघ मारण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. त्यांतील एखाद्या मुलाचे २३ आम्हीं ६ केले असतील काय, हें आतां कळणें नाहीं.

जें काम तपासावयास कोणी येत नाहीं, तेंच मनुष्याची परीक्षा घेतें. झाड तक्रार करीत नाहीं, लहान मूलही बहुधा करीत नाहीं. ज्या विद्येनें एकविसाव्या वर्षीं हें शिकविलें, ती सोडावयास लावण्याचा अधिकार आम्हांस उरला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं घरांत तसें सांगितलें. भावजय गप्प बसल्या. त्यांची समजूत पडली आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मातुःश्रींस मात्र रात्रीं सगळी रोजनिशी वाचून दाखविली होती. त्यांनीं नातीस जवळ बसविलें आणि पावसाळ्यांत तिकडे पुन्हां जाशील तेव्हां रोपें किती फुटलीं तें कळव, असें बजावून सांगितलें.