ड्राफ्टमधील घसरण : उणीव खेळाडूची, की भीती निवडणाऱ्याची?

२७ जून २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजेच ‘एनएचएल’चा, वार्षिक ड्राफ्ट सुरू झाला. हंगामाच्या आरंभी अनेक जाणकारांच्या यादीत ज्याचे नाव पहिले होते, तो जेम्स हेगन्स सातव्या क्रमांकापर्यंत खाली आला आणि तेथे बॉस्टन ब्रुइन्सने त्याला निवडले. याच हेगन्सने आदल्या वर्षी १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत गोल आणि गोलसाहाय्य मिळून २२ गुण नोंदवत त्या स्पर्धेचा विक्रम मोडला होता. दुसरीकडे, आजारपण आणि खांद्याजवळच्या हाडाची दुखापत यांमुळे कनिष्ठ लीगमध्ये अवघे १७ सामने खेळू शकलेला मॅथ्यू शेफर पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेला. भरपूर खेळलेला मागे पडतो आणि जेमतेम दिसलेला पुढे जातो, हे कसे घडते?

ही हॉकी बर्फावरची, आणि तिची निवडपद्धतीही आपल्या परिचयाच्या लिलावाहून निराळी. आयपीएलच्या लिलावात बोली लागते. ज्याची थैली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नावे उच्चारतात. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघांना आधी संधी मिळते, आणि अग्रक्रमासाठी सोडतही काढली जाते. ३२ संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ निवडी. संघ कोणता हवा, हे खेळाडूला विचारले जात नाही. इंडियन सुपर लीगने २०१७ साली मुंबईत भारतीय फुटबॉलपटूंचा ड्राफ्ट घेतला होता आणि एफसी गोवाही त्यात होता, हे गोमंतकीय वाचकांना स्मरत असेल. पण तेथे निवडायचे होते बहुतांशी तयार खेळाडू. एनएचएलमध्ये अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहून तो पंचविशीत कसा खेळेल, याचा अदमास बांधावा लागतो. घसरणीचे मूळ या अदमासात आहे.

पहिले कारण उंचीचे. २०१८-१९ च्या हंगामात अमेरिकेच्या युवा विकास संघाकडून कोल कॉफील्डने ६४ सामन्यांत ७२ गोल केले. मुलगा गोल करतो, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. मात्र त्याची उंची पाच फूट सात इंच होती. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौदा नावे पुकारली गेली आणि मग मॉन्ट्रियलने त्याला घेतले. तेवढ्याच उंचीचा अॅलेक्स डेब्रिन्कॅट २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत, ३९ व्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला आला. पुढे त्याने एनएचएलच्या दोन हंगामांत प्रत्येकी ४१ गोल केले. धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर आले की लहानखुरा खेळाडू टिकत नाही, हा जुना समज निराधार नव्हता. परंतु २००५ नंतर अडवणुकीच्या नियमांची अंमलबजावणी कडक झाली आणि वेगवान, चपळ खेळाडूंना मोकळीक मिळाली. नियमपुस्तक एका उन्हाळ्यात बदलले. निवड करणाऱ्यांची नजर बदलायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

दुसरे कारण दिनदर्शिकेचे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबाने पाडले जातात. साहजिकच जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोर असूनही दोघे एकाच गटात खेळतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. १९८० ते २००६ या काळातील ड्राफ्टचा अभ्यास करणारा एक संशोधनलेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीला साजेशा क्रमांकापेक्षा सरासरी ४० हून अधिक जागा मागे निवडले गेले, असे त्यात आढळले. ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांच्या सुमारे दुप्पट होती. म्हणजे निवडणाऱ्यांना गुणवत्ता वाटली, ती कित्येकदा केवळ आधी आलेली वाढ होती.

तिसरे कारण भूगोल आणि राजकारण यांचे. चेकोस्लोव्हाकियाचा गोलरक्षक डॉमिनिक हाशेक याला १९८३ मध्ये शिकागोने १९९ व्या क्रमांकावर निवडले. पोलादी पडद्याआडचा हा खेळाडू प्रत्यक्षात कधी येणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तो १९९० मध्ये आला आणि पुढे दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पडदा गेला तरी अडचण सरली नाही. २०२३ मध्ये माटव्हेई मिचकोव्ह हा त्या वर्षीच्या सर्वांत प्रतिभावान खेळाडूंपैकी एक मानला जात होता. परंतु रशियातील संघाशी त्याचा करार २०२६ पर्यंत होता, आणि युक्रेन युद्धामुळे अनिश्चितता आणखी वाढली होती. सहा संघांनी त्याला वगळले. सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने धीर केला. मिचकोव्ह अपेक्षेपेक्षा लवकर, २०२४ मध्येच दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात त्याने २६ गोल केले. २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर मिनेसोटाने निवडलेल्या किरिल काप्रिझोव्हची तर पाच वर्षे वाट पाहावी लागली. २०२५ मध्ये त्याच संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला.

एवढ्यावरून ‘घसरलेला प्रत्येक खेळाडू अन्यायाचा बळी’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. अँजेलो एस्पोझिटो एके काळी २००७ च्या ड्राफ्टचा पहिला मानकरी ठरेल असे बोलले जाई. तो विसाव्या क्रमांकापर्यंत खाली आला आणि एनएचएलमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. तेथे निरीक्षकांची शंका खरी ठरली. सोळाव्या वर्षी चमकलेला मुलगा अठराव्या वर्षी तेथेच थांबलेला असू शकतो, आणि ते ओळखणे हेच निरीक्षकाचे काम. हेगन्सच्या बाबतीतही सारा दोष पूर्वग्रहाचा म्हणता येणार नाही. बॉस्टन कॉलेजसाठी ३७ सामन्यांत ३७ गुण ही कामगिरी उत्तम होती. फक्त ‘पहिला’ या बिरुदाने वाढवून ठेवलेल्या अपेक्षांपुढे ती तोकडी दिसली. जो दीर्घकाळ डोळ्यांसमोर असतो त्याच्या उणिवा मोजल्या जातात, आणि जो थोडाच दिसतो त्याच्याविषयी आशा बाळगली जाते.

तरीही उंची, जन्ममहिना आणि पारपत्र या तिन्ही कारणांत एक समान धागा आहे. ही तिन्ही कागदावर दिसतात आणि उद्या जाब विचारला गेला तर पुढे करता येतात. उंचापुरा, ठाकठीक खेळाडू अपयशी ठरला तर ‘सगळ्यांचेच मत तसे होते’ असे म्हणता येते. पाच फूट सात इंचाचा मुलगा अपयशी ठरला तर ‘डोळ्यांना दिसत नव्हते का?’ असा प्रश्न येतो. त्यातच संघाच्या महाव्यवस्थापकाची खुर्ची बहुधा दोन-तीन हंगामांच्या निकालांवर तोललेली असते. तीन वर्षांनी येणाऱ्या रशियन खेळाडूचे श्रेय कदाचित त्याच्या वारसाला मिळेल. रिकाम्या जागेचा दोष मात्र आज त्याच्याच माथी. अशा हिशेबात चुकीच्या निवडीपेक्षा एकट्याने केलेली चूक अधिक महाग पडते, म्हणून शहाणी माणसेही कळपाच्या मताला धरून राहतात.

डेट्रॉईटने ही कोंडी फोडून दाखवली. १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर पावेल दात्सुक आणि १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग यांना त्या संघाने घेतले. २००८ मध्ये संघाने स्टॅन्ले कप जिंकला, तेव्हा हे दोघे त्याचे आधारस्तंभ होते. त्यांना निवडताना इतरांना अज्ञात असलेले काही गूढ शास्त्र डेट्रॉईटपाशी होते, असे नव्हे. युरोपात दूरवर जाऊन पाहणारी माणसे त्यांच्याकडे होती, त्या माणसांच्या शब्दाला संघात किंमत होती, आणि उशिराच्या फेरीत चूक झाली तरी फारसे काही बिघडत नव्हते.

येथेच खरी मेख आहे. उशिराच्या फेरीत संघ धाडस करतात, कारण तेथे चूक स्वस्त असते. परंतु मागे निवडला गेलेला मुलगा त्या स्वस्ताईची किंमत स्वतः मोजतो. पहिल्या फेरीतला खेळाडू अडखळला तर संघ त्याला दुसरी, तिसरी संधी देतो, कारण त्याच्यावर पत आणि पैसा लागलेला असतो. सहाव्या फेरीतल्याला पहिल्याच संधीत स्वतःला सिद्ध करावे लागते. दात्सुक आणि हाशेक यांच्या कथा आपण ऐकतो, कारण ते तरले. तेवढ्याच गुणांचे जे तरले नाहीत, त्यांची नावे कोणत्याच यादीत सापडत नाहीत. म्हणून ड्राफ्टच्या रात्री एखादे नाव खाली खाली जाताना दिसले, तर ‘या मुलात काय कमी आहे?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : त्याला न घेणाऱ्यांना नेमके कशाचे भय वाटले?