तेलाची पळी आणि बीजगणित

बीजगणितज्ञ श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांचे नाव निघाले की गौरव हार्वर्ड आणि पर्ड्यूचा होतो. परंतु ग्वाल्हेरच्या या प्राध्यापकपुत्राने १९५१ साली पदवी घेतली ती मुंबईच्या सरकारी विज्ञान संस्थेतून. बैजिक भूमितीतील अवघड प्रश्न सोडवतानाही शालेय बीजगणिताच्या सामर्थ्यावर त्यांची श्रद्धा अढळ राहिली. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले.

हे नाव आम्हा मराठवाडेकरांना कन्नडच्या घाटाखाली नेते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याच्या खर्चासाठी बाजारातील राजाचे उत्पन्न आणि दर घाण्यामागे तेलाची पळी लावून दिली गेली.

म्हणजे विद्येचा खर्च तेव्हाही समाजच सोसत होता. मात्र घाणा चालवणाऱ्याच्या मुलाला त्या मठात प्रवेश असण्याचा संभव नव्हता. स्वातंत्र्यानंतर अनुदानित शिक्षणाने हा अन्याय दूर करू पाहिला. १९८३ च्या विनाअनुदान धोरणाने तेच दार पुन्हा लोटून घेतले. आज तेलाच्या पिशवीवर गरीब कर भरतोच आणि मुलाच्या बीजगणितासाठी शिकवणीवर्गाचे शुल्कही भरतो. महाविद्यालयात त्या मुलाला शिकवणारा अध्यापक तासिका तत्त्वावर राबतो.

अभ्यंकरांचे स्मरण करायचे तर आधी ही रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. पळी ज्याची, पाटीही त्याचीच असली पाहिजे.