फातिमाला सकाळी जाऊ नका

स्पेन-पोर्तुगालच्या सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना लिस्बनच्या मुक्कामात हमखास एक पर्याय दाखवला जातो. तुमच्यापुरती गाडी, तुमच्यापुरता वाटाड्या आणि एका दिवसात फातिमा, बताल्या, नाझरे व ओबिदुश. सकाळी आठला गाडी हॉटेलच्या दारात, साडेनऊ-दहाला फातिमा, तिथे तास-सव्वा तास. मग बताल्याचा मठ, नाझरेच्या समुद्रकाठी मासळीचे जेवण, परतताना ओबिदुशच्या तटबंदीत चॉकलेटच्या इवल्याशा पेल्यातून चेरीचे मद्य आणि सहाच्या सुमारास पुन्हा हॉटेल. फेरा साधारण तीनशे किलोमीटरचा, रस्ते उत्तम, दमणूक बेताची. या सहलीवर नेहमी होणारी टीका अशी की, तीर्थयात्रेत समुद्रकिनारे आणि खाणेपिणे घुसडून तिची चौपाटी केली आहे. ही टीका मला पटत नाही. सरमिसळीत काही वावगे नाही, गाडीतही नाही. चुकतो तो गावांचा क्रम. फातिमा दिवसाच्या सुरुवातीला ठेवणे म्हणजे कीर्तनाला दुपारी जाऊन रिकामा मांडव पाहून येण्यासारखे आहे.

फातिमाची हकिकत फार जुनी नाही. 1917 साली पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात ओढला गेला होता, तिथली तरुण पोरे फ्लँडर्सच्या खंदकांत होती आणि 1910मध्ये राजेशाही उलथवून आलेले प्रजासत्ताक चर्चच्या पाठी हात धुऊन लागले होते. अशा वेळी 13 मे रोजी कोवा दा इरिया नावाच्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या तीन मुलांनी सांगितले की, आपल्याला एक तेजस्वी स्त्री दिसली; भाविकांसाठी ती मेरी. लुसिया दहा वर्षांची, तिची आतेभावंडे फ्रांसिश्कु आणि जसिंता अनुक्रमे आठ आणि सात वर्षांची. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या तेराव्या दिवशी गर्दी वाढत गेली. ऑगस्टमध्ये स्थानिक प्रशासकाने मुलांना उचलून नेले, म्हणून त्या महिन्याचे दर्शन एकोणीस तारखेला झाल्याचे सांगतात. 13 ऑक्टोबरला पावसात भिजत हजारो माणसे जमली, सूर्य फिरताना दिसल्याचे अनेकांनी सांगितले, काहींना काहीच दिसले नाही आणि जगातल्या एकाही वेधशाळेने त्या दिवशी सूर्याचे काही वेगळे वागणे नोंदवलेले नाही. गंमत अशी की, या प्रसंगाला देशभर प्रसिद्धी मिळाली ती चर्चविरोधी सूर असलेल्या ‘ओ सेकुलु’ या दैनिकाच्या वार्ताहरामुळे. फ्रांसिश्कु आणि जसिंता 1919 आणि 1920मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, माळावरची छोटी चॅपेल 1922मध्ये कोणी तरी सुरुंग लावून उडवली, ती पुन्हा बांधली गेली. चर्चने या दर्शनांना मान्यता दिली ती 1930मध्ये, म्हणजे लोक तेरा वर्षे येतच राहिल्यावर. नंतर हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने या भक्तीचा आपल्या सोयीने पुरेपूर वापर केला. हा तोच सालाझार, ज्याची आपल्याला गोव्यामुळे चांगलीच ओळख आहे.

हा इतिहास सांगायचा तो एवढ्यासाठी की, फातिमा हे वास्तूमुळे मोठे झालेले ठिकाण नाही. तिथली जुनी बॅसिलिका 1953 सालची, समोरची प्रचंड गोल बॅसिलिका 2007ची. तिच्यात साडेआठ हजारांहून अधिक माणसे बसतात हे खरे, पण युरोपातली कॅथेड्रल पाहून आलेल्याला दोन्हींत डोळे दिपण्यासारखे फारसे काही नाही. मधे आहे ते डांबरी अंगण, पंढरपूरचे वाळवंट आठवावे इतके मोठे आणि सकाळी दहाला जवळजवळ रिकामे. हे ठिकाण माणसांनी घडवले आहे आणि माणसे तिथे येतात ती रात्री. ईस्टरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत रोज रात्री साडेनऊला छोट्या चॅपेलपाशी जपमाळेची प्रार्थना सुरू होते, दहा-दहा जपांचा एकेक भाग वेगवेगळ्या भाषेत म्हटला जातो आणि मग मेरीची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, तिला वाऱ्यापासून जपायला कागदाचे कोंडाळे, त्यावर गाण्याचे शब्द छापलेले. धृपद आले की, सगळ्या मेणबत्त्या एकदम वर जातात. बारा तारखेच्या रात्री, विशेषतः मे आणि ऑक्टोबरमध्ये, हे अंगण भरून वाहते. आदल्या चार-पाच दिवसांत लिस्बनहून आणि पोर्तुगालभरातून पायी निघालेल्या दिंड्या तेव्हा पोचतात. अंगात चकाकती पिवळी जाकिटे, पायांना फोड, वाटेत स्वयंसेवक पाय धुऊन मलमपट्टी करतात. आषाढीच्या वाटेवरचे दृश्य डोळ्यांपुढे आणले तर वेगळे समजावून सांगायला नको. तेरा तारीख ही तिथली एकादशी. आषाढीला पाहिलेले पंढरपूर आणि पौषातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी पाहिलेले पंढरपूर, विठ्ठल एकच असला तरी गावे दोन आहेत.

सकाळच्या तासाभरात प्रवाशाच्या वाट्याला मग काय येते? चॅपेलकडे जाणारा एक गुळगुळीत पट्टा आहे, त्यावरून नवस फेडणारी माणसे गुडघ्यांवर सरकत जातात. बहुतेक बायका, कधी कडेवर मूल, शेजारी हात धरून चालणारा नवरा किंवा भाऊ. रिकाम्या अंगणात डोळ्यांना पकडणारे तेवढेच, म्हणून फोन तिकडे वळतात आणि कुणाच्या तरी आयुष्यातली अवघड घडी प्रेक्षणीय स्थळ होऊन बसते. बाजूला मेणबत्त्या जाळण्याची जागा आहे, तिथे मेणाचे हात, पाय, स्तन, तान्ही बाळे वाहिली जातात. मुंबईकराला हे परके वाटायचे कारण नाही. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या जत्रेत मोत माउलीच्या चढणीवर हेच मेणाचे अवयव, मेणाची घरे विकायला असतात आणि घेणाऱ्यांत हिंदू किती असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता सरमिसळीचा आक्षेप. तीर्थ एका दिवसाचे आणि समुद्र दुसऱ्या दिवसाचा, अशी वाटणी या मुलखात मुळातच लागू पडत नाही, कारण या वाटेवरचे जवळजवळ प्रत्येक मोठे ठिकाण नवसातून उभे राहिले आहे. 14 ऑगस्ट 1385 रोजी अल्जुबारोटाच्या लढाईत पहिल्या जुआंव राजाने कॅस्टिलच्या कितीतरी मोठ्या फौजेला हरवले आणि मेरीला बोललेला नवस म्हणून बताल्याचा मठ बांधायला घेतला. ‘बताल्या’ या शब्दाचा अर्थच लढाई. नवस फेडायला शंभरावर वर्षे लागली, तरी काही भाग अपुरा राहिला तो राहिलाच. आजही तिथल्या अपूर्ण चॅपेलांना छप्पर नाही आणि साऱ्या मठात सर्वात सुंदर काही असेल तर ते तेच. राजा आपल्या इंग्रज राणीसह तिथेच पुरलेला आहे, त्यांचा मुलगा हेन्रीही. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जहाजे पाठवण्याचा ध्यास त्याने घेतला नसता तर गोव्याचा इतिहास काय असता, हा विचार त्या थडग्यापाशी मराठी माणसाच्या मनात यायला हरकत नाही. जवळच्या अल्कोबासाच्या मठाची कथाही अशीच, 1147मध्ये सांतारें जिंकण्यासाठी बोललेल्या नवसाची.

आणि नाझरे तर देऊळ आणि कोळीवाडा वेगळे काढताच येणार नाहीत असे गाव. वर शंभर मीटरहून उंच कडा, खाली वाळूचा अर्धचंद्र. कथा सांगते की, 1182च्या सप्टेंबरमध्ये धुक्यातल्या एका सकाळी फुआश रूपिन्यू नावाचा सरदार हरणामागे घोडा फेकत कड्याच्या टोकाशी आला, हरीण खाली कोसळले, त्याने मेरीचा धावा केला आणि घोडा मागच्या दोन पायांवर जागच्या जागी थांबला. त्या जागी बांधलेली निळ्या-पांढऱ्या फरशांची चिमुकली चॅपेल आजही आहे, समोर मोठे देऊळ आणि त्यात काळ्या मेरीची छोटी मूर्ती. ही मेरी खालच्या कोळ्यांची. 1980च्या दशकात बंदर होईपर्यंत नाझरेच्या होड्या थेट लाटांत लोटल्या जात आणि परतताना वाळूवर ओढून घेतल्या जात. होडी उलटायची ती किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत. एकावर एक सात परकर नेसणाऱ्या तिथल्या कोळणी आज सहलींच्या माहितीपत्रकांवर हसताना दिसतात. त्याच बायका वाळूत चौकटींवर मासे चिरून वाळत घालतात आणि विकतात, तो मात्र धंदा आहे. किनाऱ्याजवळ समुद्रतळात सुमारे पाच किलोमीटर खोल जाणारी दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडच्या किनाऱ्यावर डोंगराएवढ्या लाटा उठतात. 2020च्या ऑक्टोबरमध्ये एका जर्मन लाटस्वाराने जी पार केली ती 86 फुटांची मोजली गेली. आज जिथे जगभरातून माणसे तिकीट काढून लाट बघायला येतात, तीच लाट जिच्या घरचा माणूस परतला नाही तिला वर कड्यावर घेऊन जायची. ज्या वाटाड्याला हे एका दमात सांगता येते, तो समुद्र आणि देऊळ दोन्ही एकदमच दाखवतो. आपल्याकडे वेळांकण्णीची कथा वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांच्या नवसाची आहे, मोत माउलीची मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडल्याचे सांगतात आणि वसईच्या खाडीकाठच्या भाईंदरच्या चर्चचे नावही नाझरेथच्या माउलीचेच आहे. पोर्तुगीज जिथे गेले तिथे त्यांनी देव किनाऱ्यावरच उतरवला.

म्हणून माझे म्हणणे सोपे आहे. हीच सहल उलटी करावी. अकराच्या सुमारास लिस्बन सोडावे, जेवायला नाझरे, कड्यावरची दोन्ही देवळे, चारच्या आसपास बताल्या, सहाला फातिमा. उजेड असेतो मुलांचे आल्जुश्त्रेल हे खेडे पाहावे, ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथली ठेंगणी घरे पाहिली की, या सगळ्याची सुरुवात किती गरिबीतून झाली ते कळते. मग जेवण, मग साडेनऊ. अकराला निघाले तरी लिस्बन साडेबाराला. यात ओबिदुश गळते, ते गळू द्यावे. टुमदार आहे, 1282मध्ये दिनिश राजाने राणीला आंदण दिलेले आहे, पण ते या नवसाच्या माळेतले नाही आणि चेरीचे मद्य लिस्बनमध्येही मिळते. स्वतंत्र गाडीसाठी जास्त पैसे मोजण्याचा खरा फायदा हाच की, घड्याळ आपल्या हातात असते. पन्नास जणांच्या बसला हे जमणार नाही. तरीही स्वतंत्र गाडीवाले बसचेच वेळापत्रक चालवतात, ग्राहकही निमूटपणे मान्य करतो आणि जादा पैसे फक्त मऊ आसनांचे होतात.

यावर सर्वात गंभीर आक्षेप असा की, ज्याची श्रद्धा नाही त्याने दुसऱ्याच्या रात्रीच्या प्रार्थनेत कशाला शिरावे, सकाळचे रिकामे अंगणच सभ्य नाही का? आक्षेपात वजन आहे आणि वारीत कॅमेरे घेऊन घुसणाऱ्यांमुळे त्याची धग आपल्यालाही माहीत आहे. पण वर म्हटल्याप्रमाणे, परका माणूस सर्वात जास्त खुपतो तो सकाळीच, कारण तेव्हा गुडघ्यांवरची एकटी बाई आणि बघणारे वीसजण एवढेच समोर असतात. रात्री बघणारा हजारोंतला एक होतो. मागे उभे राहावे, फोन खिशात ठेवावा, वाटल्यास मेणबत्ती घ्यावी. ती घेणाऱ्याला तू कोणत्या धर्माचा, असे तिथे कोणी विचारत नाही. चमत्कारावर विश्वास ठेवण्याचीही अट नाही. सूर्य फिरला की नाही हा वाद ज्याला घालायचा त्याने गाडीत घालावा, त्यासाठी दीड तासाचा परतीचा रस्ता आहे. गाडीने जाऊन कसली यात्रा, असे म्हणणाऱ्यांना एवढेच की, आपल्या दिंड्यांमागेही सामानाचे ट्रक असतात आणि पोर्तुगालच्या पदयात्रांमागेही गाड्या असतात. आणि दुकानांबद्दल, अंधारात चमकणाऱ्या प्लास्टिकच्या मेरीबद्दल तक्रार करण्याचा हक्क शिर्डीच्या किंवा पंढरीच्या वाटेवर राहणाऱ्यांना फारसा नाही.

उरतात त्या व्यावहारिक अडचणी आणि त्या खऱ्या आहेत. म्हाताऱ्या आई-वडिलांना मध्यरात्री हॉटेलवर आणणे सोपे नाही; त्यांच्यासाठी फातिमातच एक रात्र काढणे बरे, तिथे छोटी हॉटेले आणि धर्मसंस्थांची अतिथीगृहे भरपूर आहेत, फक्त मे आणि ऑक्टोबरच्या बारा-तेरा तारखेला खोली महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते. चालकाला रात्री साडेबारापर्यंत राबवायचे तर त्याचा दिवसही अकराला सुरू झाला पाहिजे आणि उशिराचे पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत, हे ठरवताना बोलून घ्यावे. आणि दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी तारीख नीट पाहावी. ऑक्टोबर संपला की मेणबत्त्यांची मिरवणूक रोज निघत नाही, पाच-साडेपाचलाच अंधारून येते आणि उघड्या अंगणात थंडी बोचते. त्या दिवसांत मात्र फातिमा धावते पाहिले तरी चालेल आणि वाचलेला वेळ सगळा नाझरेच्या कड्यावर घालवावा. लाटांचा हंगाम तेव्हाच असतो.