रिपोर्ट पिशवीत, दुखणे छातीत

एके काळी टू-डी इको करायचा म्हणजे शिरगाव-सातपाटीच्या माणसाला पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. आता हे काम पालघर-बोईसरलाच होते आणि रिपोर्टही त्याच दिवशी हातात पडतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तोही आमच्या वैद्यकीय इंग्रजीत. तो प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कपाटावर जाते आणि पुन्हा दम लागला की मगच खाली उतरते. माझ्या टेबलावर अशा पिशव्या रिकाम्या होतात तेव्हा कधी कधी सहा-आठ महिन्यांपूर्वीचा कागद हाती लागतो. त्यावर स्वच्छ लिहिलेले असते, की झडप गंभीर स्वरूपात अरुंद झाली आहे.

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे फिरू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. उतारवयात महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर कॅल्शियम साचते आणि ती कडक होते. मग चालताना दम लागतो, छातीत दुखते, भोवळ येते. ही लक्षणे सुरू झाल्यावरही झडप बदलली नाही, तर सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात. आपल्याकडे दुसराही एक प्रकार आहे, तो तरुणांचा. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, पुढे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेला इजा झालेली असते. मुलगी मोठी होते, लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणी शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. सातव्या महिन्यात रात्री उठून बसणाऱ्या बाईला घरचे म्हणतात, पोट मोठे आहे, दम लागणारच!

मग असा रुग्ण तज्ज्ञापर्यंत का पोहोचत नाही? पैसा हे एक कारण आहेच. पण झडपेच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. त्याहून मोठे कारण म्हणजे गोळी. लघवी जास्त होण्याची गोळी दिली, की फुप्फुसातले पाणी उतरते, चार दिवसांत बरे वाटते आणि रुग्ण समजतो, आजार गेला. झडप मात्र होती तशीच असते. म्हातारी माणसे तर आपले आयुष्यच आखडून घेतात. बाजारात जाणे बंद, देवळाच्या पायऱ्या बंद. मग विचारावे तर म्हणतात, ‘डॉक्टर, दम नाही लागत आता.’ कसा लागेल? चालतच नाहीत!

अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये यावर एक साधा प्रयोग झाला. इकोमध्ये महाधमनीची झडप गंभीर अरुंद असल्याचे दिसले, की तो इको सांगणाऱ्या डॉक्टरला संगणकावरून आपोआप सूचना जाई: तुमच्या या रुग्णाला असे असे आहे, आणि शास्त्रानुसार पुढे हे करायला हवे. निम्म्या डॉक्टरांना अशी सूचना मिळे, निम्म्यांना नाही. २०२५ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. सूचना मिळालेल्या डॉक्टरांच्या रुग्णांपैकी शेकडा ४८ जणांची झडप वर्षभरात बदलली गेली. इतरांपैकी शेकडा ३७ जणांची. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त आठवण. एवढ्या मोठ्या रुग्णालयातही कागद हरवल्यासारखे होतात, हे वाचून मला थोडे हायसेच वाटले!

आपल्याकडे हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात प्लेटलेट्स फार खाली गेल्या, की लॅबवाला रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरला फोन करतो. ही पद्धत कुणा सरकारी आदेशाने आलेली नाही. मग तोच न्याय इकोला का नसावा? ज्या डॉक्टरने चिठ्ठी दिली त्याच्या मोबाईलवर, रुग्णाच्या संमतीने, एक संदेश जावा. ग्रुपवर नव्हे, त्याच्या एकट्याच्या नंबरावर. पंधरा दिवसांनी दुसरा: रुग्ण हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला का? माझ्या मते हा दुसरा संदेशच महत्त्वाचा, कारण पहिला ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडला जाण्याची शक्यता फार.

मात्र प्रत्येक बारीकसारीक नोंदीसाठी घंटा वाजवू नये. झडपेतून किंचित गळती निरोगी माणसातही दिसते. तिच्यापायी घरे घाबरतील आणि डॉक्टर संदेश वाचणे सोडून देतील. घंटा वाजावी ती गंभीर अरुंद झडपेसाठी, गरोदर किंवा तरुण बाईच्या सांधेतापाने बिघडलेल्या झडपेसाठी आणि अशी खूण दिसलेल्या कोणत्याही मुलासाठी.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरातूनच झाली. तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत सांधेतापाचा हृदयविकारही येतो. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळेतले मूल सुट्टीत पाड्यावर जाते आणि इंजेक्शनची तारीख शाळेच्या वहीतच राहते. तिथे संदेश डॉक्टरपेक्षा अधीक्षकाला आणि त्या पाड्यावरच्या आशाताईला गेला पाहिजे.

यंत्रणा उभी राहील तेव्हा राहील. तोवर इको काढायला जाल तेव्हा अर्जावर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर लिहा आणि रिपोर्ट घेताना खिडकीवरच विचारा, यात ‘सिव्हिअर’ हा शब्द कुठे आहे का? असला, तर पिशवी घरी न नेता थेट दवाखान्यात आणा.